घेताना एक भाव, देताना दुसरा: जमिनीचे मोल, सरकार आणि सरकारी वकील

पुण्यातल्या एखाद्या सर्व्हे नंबरची किंमत किती, या प्रश्नाला सरकारदरबारी एकच उत्तर मिळत नाही. दस्त नोंदवायला गेलेल्या माणसाला दुय्यम निबंधक रेडीरेकनरचा दर दाखवतो. त्याच जमिनीचा तुकडा रस्त्यात जाणार असेल तर भूसंपादन अधिकारी निवाड्यात वेगळा आकडा लिहितो. महापालिका मिळकतकरासाठी वार्षिक भाडेमूल्य धरते, आयकर खाते मुद्रांकासाठी धरलेल्या किमतीवर बोट ठेवते आणि बँक स्वतःच्या पॅनेलवरच्या मूल्यांकनकाराचा अहवाल मागते. प्रत्येक आकड्यामागे वेगळा कायदा आहे, वेगळा अधिकारी आहे आणि अपिलाची वाटही वेगळी आहे.

हे सगळे आकडे एकत्र येतात ते वाद कोर्टात गेल्यावर, सरकारी वकिलाच्या टेबलावर. मोल ठरवण्याच्या कायद्याबद्दल आपण बोलतो तेव्हा दर वाढले की उतरले एवढ्यावरच थांबतो. त्या दरामागचा नियम पाळला गेला का, शपथपत्रात लिहिलेला आकडा खरा आहे का, अपील करावे की पैसे देऊन मोकळे व्हावे, हे सांगण्याची जबाबदारी ज्या ज्येष्ठ विधी अधिकाऱ्यावर आहे, त्याच्याकडे मात्र लक्ष जात नाही. राज्यभरातल्या मिळकतींचे सरकारी दर ज्या शहरातून निघतात त्या पुण्यातून या साऱ्या व्यवस्थेचा आढावा घेणे म्हणूनच उचित ठरेल.

जुना धडा

मोल ठरवताना सरकार चुकले की काय होते, हे पुणे जिल्ह्याने दोनशे वर्षांपूर्वीच पाहिले. पेशवाई गेल्यानंतर दहा वर्षांच्या आत, १८२७-२८ मध्ये आर. के. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने जिल्ह्याची पाहणी सुरू केली. पिकातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा आकारायचा, अशी त्याची रीत होती. कागदावर ती बिनचूक दिसत होती. पण खालच्या कामगारांनी आणलेली माहिती सदोष होती, धान्याचे भाव पडले आणि सारा झेपेनासा झाला. शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या, गावे ओस पडू लागली. अखेर १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीची प्रत पाहून सोपी प्रतवारी केली, दर उतरवले आणि ते तीस वर्षांसाठी बांधून दिले. ती मुदत संपल्यावर झालेल्या वाढीने पुन्हा असंतोष उसळला. १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांच्या स्थितीची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली.

त्या अनुभवातून निघालेली दोन तत्त्वे आजही लागू पडतात. मोलाचा आधार तपासता यायला हवा, आणि ज्याच्यावर ते मोल लादले जाते त्याला उत्तर देण्याची संधी हवी.

रेडीरेकनर: एक दर, अनेक उपयोग

नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रकांचे कार्यालय पुण्यात आहे. नगररचना संचालनालयही पुण्यातच आहे. १९५८ चा मुंबई मुद्रांक अधिनियम, जो आज महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम म्हणून ओळखला जातो, आणि त्याखालचे खरे बाजारमूल्य ठरवण्याचे १९९५ चे नियम हा या व्यवस्थेचा पाया. नगररचना खात्याची मूल्यांकन शाखा नोंदलेल्या व्यवहारांवरून भागाभागाचे सरासरी दर काढते आणि मुद्रांक नियंत्रक वार्षिक मूल्यदर तक्ते जाहीर करतात. लोक त्यालाच रेडीरेकनर म्हणतात. पूर्वी हे दर १ जानेवारीपासून बदलत, २०१६ पासून १ एप्रिल ही तारीख आली. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी दर स्थिर ठेवले गेले. १ एप्रिल २०२५ पासून पुणे महापालिका हद्दीत सरासरी ४.१६ टक्के, पिंपरी-चिंचवडमध्ये ६.६९ टक्के आणि सोलापुरात १०.१७ टक्के वाढ झाली.

हा दर मुद्रांक शुल्कापुरता राहिलेला नाही. समजा, पुण्यातल्या एका जुन्या सदनिकेचा व्यवहार खरोखरच ८० लाखांना झाला आणि रेडीरेकनरने तिची किंमत ९० लाख येते. शहरात सात टक्के दराने मुद्रांक द्यावा लागतो तो ९० लाखांवर, म्हणजे ६ लाख ३० हजार. गोष्ट इथे संपत नाही. आयकर कायद्यानुसार हा फरक दहा टक्क्यांहून अधिक असल्याने विकणाऱ्याला ९० लाख मिळाले असे धरून भांडवली नफा काढला जातो. घेणाऱ्यालाही १० लाखांचे उत्पन्न झाले असे तोच कायदा मानतो. हातात न आलेल्या पैशांवर दोघांनाही कर बसतो. हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर) एका भागातून दुसऱ्या भागात वापरताना दोन्हीकडच्या रेडीरेकनर दरांचे प्रमाण पाहतात. जादा चटईक्षेत्राचे अधिमूल्यही याच दरावर निघते.

एवढा भार पेलणारा दर चुकला तर दाद मागायची सोय मुद्रांक कायद्यात आहे. कलम ३१ खाली मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे अभिनिर्णय मागता येतो, कलम ३२अ खाली खऱ्या बाजारमूल्याची चौकशी होते, आणि त्यावर मुख्य नियंत्रक महसूल प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. आयकरातही करदात्याला खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करता येते. पण रस्ता नसलेल्या आतल्या प्लॉटचा, भाडेकरू अडकलेल्या पेठेतल्या वाड्याचा किंवा ओढ्याकाठच्या सखल जमिनीचा मालक क्वचितच या वाटेने जातो. कर्जाचा हप्ता, नोंदणीची वेळ, वकिलाचा खर्च यांचा हिशेब करून तो निमूटपणे जादा मुद्रांक भरतो. रेडीरेकनर ही बाजारमूल्याकडे जाण्याची पहिली पायरी आहे, अंतिम निकाल नाही, असे उच्च न्यायालये आणि सर्वोच्च न्यायालय वेगवेगळ्या प्रकरणांत सांगत आले. नोंदणीच्या खिडकीवर मात्र तोच अंतिम ठरतो. खात्याच्या विधी अधिकाऱ्याने सर्वात आधी बुजवायची दरी ही आहे.

उलट बाजूची जोखीमही तेवढीच मोठी. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंढव्यातील सुमारे ४० एकर जमिनीचे प्रकरण गाजले. खरेदीखतात किंमत ३०० कोटी रुपये होती आणि मुद्रांक शुल्क भरले गेले ५०० रुपये. कोण जबाबदार हे चौकशी आणि न्यायालये ठरवतील. पण यातून दिसले ते असे, की किमतीआधी कायद्याचे प्रश्न येतात. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क आहे का? मागितलेली मुद्रांक शुल्काची सूट या दस्ताला लागू आहे का? एवढ्या मोठ्या दस्तात हे प्रश्न एकट्या दुय्यम निबंधकावर सोडता येत नाहीत. नोंदणीपूर्वी लेखी विधी अभिप्राय घेणे तिथे सक्तीचे असायला हवे.

संपादनाचा भाव

सरकार जमीन घेते तेव्हा चित्र पालटते. मुद्रांक वसूल करताना जास्त भाव सरकारच्या सोयीचा असतो, मोबदला देताना कमी. या दुटप्पीपणाला आवर घालणारा एक महत्त्वाचा निकाल पुण्याच्याच जमिनीवरून झाला. चिमणलाल हरगोविंददास विरुद्ध विशेष भूसंपादन अधिकारी, पुणे या १९८८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जमिनीचे मोल कसे काढावे याची जणू कार्यपुस्तिकाच लिहून दिली. भूसंपादन अधिकाऱ्याचा निवाडा हा सरकारने देऊ केलेला भाव आहे, न्यायनिर्णय नाही. तो अपुरा आहे हे दाखवण्याचा भार जमीनमालकावर असतो. अधिसूचनेच्या दिवशीचा भाव धरायचा. जवळच्या काळातले आणि जवळच्या जागेचे खरे व्यवहार घ्यायचे आणि अधिक-उणे घटक मांडायचे. लहान आकार, रस्त्याची दर्शनी बाजू, विकसित भागाशी जवळीक, नियमित आकार हे अधिक. मोठे क्षेत्र, रस्त्यापासून आत असणे, भराव घालावा लागणारी सखल जागा हे उणे. लहान प्लॉटच्या भावावरून मोठ्या क्षेत्राचा भाव काढताना रस्ते, मोकळ्या जागा आणि विक्रीला लागणारा काळ यांसाठी साधारण २० ते ५० टक्के वजावट.

सरकारी वकिलासाठी या निकालातले सर्वात महत्त्वाचे वाक्य वेगळेच आहे. भूसंपादन अधिकाऱ्याने निवाड्यासाठी वापरलेली सामग्री कोर्टात हजर करून सिद्ध केल्याशिवाय कोर्टाला वापरता येत नाही. म्हणजे निवाड्याच्या फायलीत कितीही खरेदीखतांची यादी असो, ती खते पुराव्यात आणली नाहीत, नगररचनाकाराला साक्षीला उभे केले नाही, जागेची पाहणी करणाऱ्याने नकाशा सिद्ध केला नाही, तर सरकारची बाजू कोरीच राहते. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातील वाढीव मोबदल्याच्या दाव्यांत निर्णय ठरतो तो याच मेहनतीवर. मालकाच्या बाजूने नोंदणीकृत मूल्यांकनकार अहवाल घेऊन साक्षीला येतो. सरकारकडून काहीच आले नाही तर न्यायाधीशापुढे एकच आकडा उरतो. तो फुगवलेला असेल तर करदाता लुटला जातो. आणि सरकारी वकिलाने उलटतपासणीत केवळ शब्दांचा कीस काढून खरा अहवाल पाडला तर शेतकरी लुटला जातो.

१ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याने हिशेब बदलला. कलम २६ नुसार मुद्रांकासाठीचा दर, जवळपासच्या अशाच जमिनींच्या विक्रीची सरासरी आणि संमतीने ठरलेली रक्कम यांपैकी जे सर्वाधिक ते बाजारमूल्य. ही सरासरी मागील तीन वर्षांतल्या व्यवहारांपैकी चढ्या भावाच्या निम्म्या व्यवहारांची काढायची. ग्रामीण भागात ते एक ते दोन या गुणकाने वाढवायचे, वर शंभर टक्के दिलासा रक्कम. रेडीरेकनर असा भूसंपादनाच्या हिशेबातही शिरला. त्याचा एक परिणाम फारसा कोणी बोलत नाही. ज्या पट्ट्यात मोठा प्रकल्प येणार आहे तिथला रेडीरेकनर दर कमी ठेवला तर मोबदल्याची खालची पायरीच खाली जाते. पुरंदर विमानतळासाठी वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांतली जमीन घेण्याचे ठरले, वर्तुळाकार मार्गासाठी शहराभोवतीच्या तालुक्यांतून संपादन होत आहे. अशा पट्ट्यातला दर ठरवणारा अधिकारी आणि मोबदला देणारे सरकार एकाच छताखाली असतात. म्हणून त्या दराचा आधार जाहीर असणे ही न्यायाची किमान अट आहे.

कायद्याचा सल्ला वेळेवर न मिळाल्याची किंमतही पुण्याने पाहिली आहे. वन उद्यानासाठी महापालिकेला ४३.९४ एकर जमीन हवी होती. ३१ जानेवारी २००८ रोजी निवाडा झाला. मालकांनी मोबदला उचलला नाही, तेव्हा सुमारे २७ कोटी रुपये सरकारी कोषागारात ठेवले गेले, न्यायालयात जमा केले गेले नाहीत. पुणे महापालिका विरुद्ध हरकचंद मिसिरीमल सोळंकी या जानेवारी २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा मोबदला दिलाच गेला नाही असे मानले, आणि नव्या कायद्याच्या कलम २४ खाली संपादन व्यपगत ठरले. त्या निकालाच्या आधारे देशभर असंख्य संपादनांना आव्हान मिळाले. ६ मार्च २०२० रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात तो अर्थ रद्द केला. पण मधली सहा वर्षे सारा देश ज्या प्रश्नावर भांडला तो प्रश्न एवढाच होता, की पैसे कोषागारात ठेवायचे की कोर्टात. संपादनाच्या फायलीवर एका ज्येष्ठ विधी अधिकाऱ्याचा दोन ओळींचा अभिप्राय वेळेवर आला असता तर पुण्यापुरता तरी हा वाद उद्भवला नसता.

दुसरे प्रकरण पाषाणचे. तिथली एका कुटुंबाची जमीन सरकारच्या ताब्यात गेली आणि संरक्षण संशोधन संस्थेच्या वापरात आली. बदल्यात कोंढव्यात दिलेली जमीन वनजमीन निघाली. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरकारने मोबदल्याचा आकडा ३७.४२ कोटी सांगितला, अर्जदाराच्या बाजूने ३१७ कोटी सांगितला गेला. न्यायालयाने राज्याला कठोर शब्दांत सुनावले आणि लोकप्रिय योजना थांबवण्याचा इशाराही दिला. पुढे पर्यायी जमीन देण्याची तयारी राज्याने दाखवली. आठपटीहून जास्त फरक पडतो तेव्हा तो मतभेद मूल्यांकनशास्त्रातला राहत नाही. कोणत्या तारखेचा दर धरायचा आणि कोणते तत्त्व लावायचे, हा निखळ कायद्याचा प्रश्न असतो. त्यावर सरकारची भूमिका आधी ठरायला हवी, आकडा त्यानंतर निघायला हवा.

वकील कोणाचा?

दिवाणी प्रक्रिया संहितेने सरकारी वकिलाला स्वतंत्र स्थान दिले आहे. महाराष्ट्रात त्याची नेमणूक विधी व न्याय विभाग १९८४ च्या विधी अधिकारी नियमांखाली करतो. जिल्ह्याला जिल्हा सरकारी वकील, उच्च न्यायालयात शासकीय वकील, सर्वांच्या वर राज्यघटनेच्या अनुच्छेद १६५ खालचे महाधिवक्ता. खात्यांना सल्ला देणारे विधी अधिकारी वेगळे. नेमणूक मुदतीची, मानधन मर्यादित आणि काम प्रचंड.

मूल्यांकनाच्या वादात सरकारी वकिलाचे काम तीन ठिकाणी असते. निवाड्याआधी किंवा दर जाहीर होण्याआधी अभिप्राय देणे. दावा चालू असताना पुरावा उभा करणे. निकाल लागल्यावर अपील करावे की नाही हे सांगणे. पहिल्या ठिकाणी त्याला क्वचितच विचारले जाते. दुसऱ्या ठिकाणी फाईल उशिरा येते. तिसऱ्या ठिकाणी ‘अपील करू नये’ असे लिहिणे जोखमीचे वाटते, कारण न केलेल्या अपिलाचा जाब विचारला जातो, वाया गेलेल्या अपिलाचा विचारला जात नाही.

या तिसऱ्या सवयीचा खर्च साध्या गणिताने कळतो. जुन्या आणि नव्या दोन्ही भूसंपादन कायद्यांत न्यायालयाने वाढवलेल्या मोबदल्यावर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज आहे. एक कोटीची वाढ दहा वर्षे रेंगाळली तर ९ लाख अधिक नऊ वर्षांचे १ कोटी ३५ लाख, म्हणजे १ कोटी ४४ लाख व्याज चढते. सरकारला २ कोटी ४४ लाख मोजावे लागतात. शेतकरी मात्र दहा वर्षे मुलांचे शिक्षण आणि आजारपण उधारीवर काढतो. शेवटी दरखास्त दाखल होते आणि जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खुर्च्या किंवा गाड्या जप्त करायला बेलीफ येतो. ही नामुष्की टाळणे विधी अधिकाऱ्याच्या एका प्रामाणिक टिपणीने शक्य असते. पुण्याच्या पक्षकाराला अपिलासाठी मुंबई गाठावी लागते. १८ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेल्या कोल्हापूर सर्किट बेंचमध्ये सातारा, सांगली, सोलापूरसह सहा जिल्हे आले, पुणे आले नाही. त्यामुळे विनाकारण केलेल्या अपिलाचा फटका इथल्या लहान खातेदाराला अधिकच बसतो.

सरकार हा सामान्य पक्षकार नाही, त्याने तांत्रिक मुद्द्यांवर नागरिकाचा न्याय्य हक्क बुडवू नये, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दिलबाग राय जरी प्रकरणात अर्धशतकापूर्वी बजावले होते. मूल्यांकनाच्या वादाइतकी या सांगण्याची गरज दुसरीकडे कुठे नाही. खाते हे वकिलाचे पक्षकार असले तरी त्याची निष्ठा कायद्याशी आहे. त्याने स्वतःला एक कसोटी लावावी: हाच अधिकारी उद्या या जमिनीवर मुद्रांक वसूल करायला बसला, तर हाच आकडा सांगेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर तो आकडा शपथपत्रात जाता कामा नये.

मूल्यांकनकारांवर कोणाची देखरेख?

सरकारी दराइतकाच प्रश्न खाजगी मूल्यांकनकाराचाही आहे. संपत्ती कराच्या १९५७ च्या कायद्यात कलम ३४अब खाली नोंदणीकृत मूल्यांकनकार आले. तो कर २०१५ च्या वित्त कायद्याने गेला, पण ती नोंदणी इतर कामांसाठी मागे उरली. कंपनी कायद्याचे कलम २४७ ऑक्टोबर २०१७ मध्ये लागू झाले आणि जमीन-इमारत, यंत्रसामग्री व वित्तीय मालमत्ता अशा तीन वर्गांत परीक्षा देऊन नोंदणी सुरू झाली. तिची देखरेख नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे आहे. मात्र ही शिस्त कंपनी आणि दिवाळखोरीच्या कामापुरती. बँकेचे पॅनेल, कोर्टातला साक्षीदार, कुटुंबाच्या वाटणीसाठी घेतलेला अहवाल, यांना एकच नियामक नाही. २०२० मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने मूल्यांकनकारांसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा आणि राष्ट्रीय संस्थेची शिफारस दिली. त्या मसुद्याचा कायदा झालेला नाही.

अमेरिकेने हा धडा महागात घेतला. ऐंशीच्या दशकात तिथल्या बचत-कर्ज संस्था कोसळल्या, त्यामागे फुगवलेली मालमत्ता मूल्यांकने हेही एक कारण होते. १९८९ च्या कायद्याने प्रत्येक राज्यात मूल्यांकनकारांचा परवाना, समान व्यावसायिक मानके आणि त्यांवर केंद्रीय देखरेख आली.  आपल्याकडे अशी एकत्रित देखरेख नाही, आणि सरकारी वकिलालाही वाद पेटल्यावरच बोलावले जाते.

करण्याजोगे

पहिली गोष्ट, रेडीरेकनरच्या प्रत्येक मूल्य विभागाचा दर जाहीर करताना तो कोणत्या व्यवहारांवरून निघाला ते पत्ते आणि नावे झाकून प्रसिद्ध करावे, मसुद्यावर हरकती घ्याव्यात आणि त्यांना लेखी उत्तर द्यावे. ही माहिती नोंदणी खात्याकडेच आहे. दुसरी, संपादनाच्या निवाड्याआधी आणि मुद्रांकसवलतीच्या मोठ्या दस्ताआधी विधी अभिप्राय सक्तीचा करावा. तिसरी, कोर्टात आकडा मांडण्यापूर्वी त्याच जमिनीचे मुद्रांक, मिळकतकर आणि संपादन यांतले सरकारी आकडे एका तक्त्यात मांडावेत आणि फरक असेल तर कारण द्यावे. चौथी, अपिलाच्या प्रत्येक प्रस्तावाला चढणाऱ्या व्याजाचा हिशेब जोडावा आणि ‘अपील करू नये’ असा सल्ला देणाऱ्याला संरक्षण द्यावे. पाचवी, मूल्यांकनकारांचा कायदा मार्गी लावावा, म्हणजे कोर्टात येणाऱ्या दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना एकच आचारसंहिता लागू होईल.

यातले बरेचसे काम एका शासननिर्णयाने होण्यासारखे आहे. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या घटनादुरुस्तीने मूलभूत राहिला नाही, पण अनुच्छेद ३००अ खाली तो घटनात्मक हक्क आहे, आणि रास्त मोबदला त्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. जमीन देणाऱ्या शेतकऱ्याला आणि मुद्रांक भरणाऱ्या सदनिकाधारकाला सरकारचा एकच भाव दिसला पाहिजे. हे घडवून आणण्याची सर्वात जास्त संधी आज ज्याच्या हातात आहे तो सरकारी वकील आहे. त्याला वेळेवर विचारा, निर्भयपणे लिहू द्या आणि त्याच्या सल्ल्याची नोंद ठेवा. जमिनीच्या मोलावरून सरकार आणि नागरिक यांच्यात साचलेला अविश्वास कमी करण्याचा याहून स्वस्त मार्ग महाराष्ट्राकडे नाही.